थोरलीचा धागा

वयाची पंचावन्नी उलटली, डोक्यात काळा केस शोधावा लागू लागला, तरी लाँड्रीच्या त्या गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. रफू करणाऱ्या मुळात दोघी होत्या, थोरली आणि धाकटी. आई आणि लेक. थोरलीला जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. पण माणूस गेलं म्हणून त्याची जागा रिकामी होतेच असं नाही. एखादं जुनं गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर कपडा टाकायचं आणि लाँड्रीवाल्याला विचारायचं, "धाकटी आहे का आत?" जणू थोरली जरा बाहेर गेलीय आणि तोवर धाकटीवर भागवून घ्यायचं आहे.

लाँड्रीच्या मागची खोली तिची. एक टेबल, एक उंच खुर्ची, सुयांची उशी, बटणांचा पत्र्याचा डबा. खिडकी अशी की ऊन कधी थेट आत येत नाही आणि उजेड मात्र दिवसभर हलत नाही. रफूला असाच उजेड लागतो. पलीकडून इस्त्रीची वाफ आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. तिथं बसून धाकटीनं सिगारेटनं जळलेले कोट, उंदरांनी कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी अशा काही सांधल्या होत्या की मालकालाच भोक सापडू नये. "कुठं फाटलं होतं हो?" असं कुणी विचारलं की तिचा दिवस चांगला जायचा. "वा, छान केलंय" म्हटलं की ती चिडायची. दिसलं म्हणूनच छान म्हणाला ना!

कामाचे दोन नियम थोरलीनं घालून दिले होते. पहिला, बाहेरचा धागा वापरायचा नाही. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून, शिवणीच्या पोटातून धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक विणून काढायचं, उभा धागा, आडवा धागा, मूळ कापडात असेल तसा. परका धागा रंगाला कितीही जुळवा, दोन धुण्यांत उघडा पडतो. दुसरा नियम, काढलेले धागे उरले तर ते त्याच कपड्याच्या दुमडीत टाचून ठेवायचे. खोलीत ठेवायचे नाहीत. ज्या कपड्याचा धागा, त्याच कपड्यात. पुढं कधी तो कपडा परत आला तर शोधाशोध नको.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. धाकटीचा आजार आला तोच मुंगीच्या पावलानं. सकाळी बोटं जड वाटायची. अंगठी निघेना. मनगटं सुजायची, तीही दोन्ही एकदम, आपसात ठरवल्यासारखी. उन्हं वर आली की बोटं मोकळी व्हायची आणि ती स्वतःला सांगायची, थंडी आहे, वय आहे, काम आहे. मग एका सकाळी ती तोंड धुवायला गेली आणि नळ तिनं बोटांनी नाही, मनगटाच्या कडेनं ढकलून उघडला. सहज, विचारही न करता. पाणी वाहत राहिलं आणि धाकटी नळाकडं बघत उभी राहिली. अस्साच नळ उघडायची थोरली. कपही ती दोन तळव्यांत धरायची, आणि दाराची कडी कोपरानं सरकवायची.

त्या दिवसापासून थोरली घरात राहायला आली.

भूतबित नव्हे. धाकटी तसल्या गोष्टींना हसणारी बाई होती. आणि भूत परवडलं, त्याला निदान पिटाळता तरी येतं. ही तिच्याच बाह्यांतून बाहेर यायची. सकाळी पांघरुणातून हात काढले की ते थोरलीचे असायचे, पेरं सुजलेली, कातडी ताणलेली, बोटं करंगळीकडं कललेली. दुपारपर्यंत ते हळूहळू धाकटीचे व्हायचे. पण हात परत मिळायला रोज थोडा जास्त वेळ लागू लागला, आणि तिला भीती वाटायची ती याची, की एक दिवस दुपार होईल आणि ते परत येणारच नाहीत.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. संधिवात म्हणजे ज्याला होतो तो सोडून बाकी सगळ्यांना कळणारा आजार. लाँड्रीवाला म्हणाला, लसूण खा. समोरची दूधवाली म्हणाली, तांब्याचं कडं घाल. कुणी आंबट सोडायला सांगितलं, कुणी नुसतं आंबटच खायला. धाकटी सगळ्यांना "हो, बघते" म्हणायची. शेवटी तिच्या लेकीनं, जी बस डेपोत तिकीट खिडकीवर असायची आणि दिवसभर लोकांची बडबड ऐकून कुणाचं काही ऐकून घेण्याच्या पलीकडं गेली होती, तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

"हात दाखवून अवलक्षण," धाकटी वाटेत पुटपुटली.

"अवलक्षण आधीच झालंय," लेक म्हणाली. "आपण नुसते हात दाखवायला चाललोय."

डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढीच. तिनं एकेक पेर दाबून पाहिलं, रक्त काढायला लावलं, फोटो काढायला लावले, आणि पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. हा झिजेचा संधिवात नव्हे. अंगातली जी फौज रोगांशी लढायची, ती आता सांध्यांवरच उठली आहे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या पिवळ्या गोळ्या, कायमच्या. त्या लागू पडायला दोन-तीन महिने जातील, तोवर जोडीला रोजची एक बारीक पांढरी गोळी.

"पण बाहेरचं औषध कशाला?" धाकटी म्हणाली. "अंगच अंगाला सांधतं. आम्ही रफू करतो ना, कपड्याचाच धागा काढून. बाहेरचा घातला की दिसतोच."

डॉक्टरीणबाई हसली. "तुमचं अंग सांधत नाहीये हो मावशी. उसवतंय. रफू करणारीच बिथरली आणि धड कापड उसवत सुटली, तर आधी तिचा हात धरायला नको? गोळ्या तेवढंच करतात." मग लिहिता लिहिता ती सहज म्हणाली, "एक मात्र लक्षात ठेवा. ही पांढरी गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. कमी करत करत मी थांबवीन. शरीर तिच्यावर विसंबून राहतं. अचानक काढून घेतली तर माणूस कोसळतं. जिवावर बेततं."

धाकटीच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पुढचं तिला काही ऐकू आलं नाही.

थोरलीही अशीच बारीक पांढरी गोळी घ्यायची. रोज एक, काही वर्षं. मग तिचा चेहरा फुगला, ताटासारखा गोल झाला, कातडी इतकी पातळ की बोट लागलं तरी निळं व्हायचं. नातेवाइकांत एकच बोललं जायचं, गोळ्यांनी खाल्लं हिला. एके दिवशी थोरली आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे तोंड कुणाचं गं? मला माझं हवंय." आणि तिनं गोळ्या बंद केल्या. एकदम. एका दिवसात. धाकटी तेव्हा नुकती हाताखाली तयार झालेली. तिला इतका आनंद झाला की तिनं आईला मिठी मारली. "बरं केलंस," ती म्हणाली. थोड्याच दिवसांत थोरलीला ओकाऱ्या सुरू झाल्या, उभं राहवेना, आणि एका सकाळी पलंगावरून उठताना ती जी खाली बसली ती बसलीच. सगळे म्हणाले, विष अंगात भिनलं होतं, सोडायला उशीर झाला. तीस वर्षं धाकटीही तेच म्हणत आली होती.

आणि आता ही लेकीच्या वयाची पोर पेन चालवता चालवता सांगत होती की मारलं ते गोळीनं नाही. सोडण्यानं.

एखादी बाई यावर रडली असती. धाकटीनं मनातल्या मनात त्या विचारावर झाकण घातलं आणि वर बसली. तिनं आपल्यापुरतं एक ठरवलं, आणि ते तिला मोठं शहाणपणाचं वाटलं. जे धरलंच नाही ते सोडावं लागत नाही. म्हणून धरायचंच नाही. पिवळं नाही, पांढरं नाही, काही नाही.

लेक दर गुरुवारी पिवळ्या गोळ्या मोजून हातावर ठेवायची आणि रोज सकाळी पांढरी, वर पाण्याचा पेला. जी बोटं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धाग्याचं टोक कापडात गुडूप करायची, त्यांना गोळी तळव्यात दडवणं काय अवघड? तोंडाशी हात न्यायचा, पाणी प्यायचं, मान मागं टाकायची. मग मागच्या खोलीत गेलं की मूठ बटणांच्या डब्यात उघडायची. डॉक्टरीणबाई विचारायची, "मळमळ होते का?" धाकटी म्हणायची, "थोडी होते." आजूबाजूच्या बाकांवरची माणसं काय बोलतात ते ती ऐकून ठेवायची आणि तेच सांगायची. एक निवृत्त शिपाई म्हणायचा, गोळी घेतली की दुसरा दिवस माझा नसतो. एक तरणी बाई म्हणायची, मला बरं वाटतं त्याचीच भीती वाटते, उद्या काढून घेतलं तर? धाकटी यातलं हवं ते उचलायची. मात्र त्या तरण्या बाईचं वाक्य तिनं कधी वापरलं नाही.

हात बिघडतच होते. बिघडणारच. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालायची आणि गोळ्या वाढवायची. डबा लवकर भरू लागला. त्यात एक वेगळीच पंचाईत होऊन बसली. जी मूठ गोळ्या दडवायची तीच आता नीट मिटेना. एकदा एक पिवळी गोळी बोटांच्या फटीतून निसटून टिपटिपत फरशीवर गेली. लेक वाकली. "पडली वाटतं," म्हणत तिनं दुसरी काढून दिली, आणि आईच्या सुजलेल्या हाताकडं पाहून तोंड फिरवलं. लेक रडतेय हे धाकटीला पाठीवरून कळलं. तरीही तिनं दुसरी गोळी दडवलीच.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाली, "ही गोळी तुम्हाला लागू पडत नाहीये. सगळ्यांना पडते असं नाही. आता इंजेक्शनवर जाऊ या. ते जास्त जोरकस असतं, त्याच्या तपासण्याही जास्त. महिन्याभरानं या, तोवर विचार करा. पण त्यापुढं थांबू नका मावशी. बोटं एकदा वळली की मग औषध त्यांना सरळ करत नाही. नुसतं पुढचं थांबवतं."

त्याच महिन्यात बँडमास्तर आला.

कधीकाळी गावातल्या बँडमध्ये कर्णा वाजवणारा म्हातारा. पुढचे दात पडल्यावर कर्णा सुटला, बँडमास्तर हे नाव तेवढं राहिलं. त्यानं काउंटरवर नाही, थेट आत येऊन तिच्या टेबलावर एक जाड लोकरीचा काळा कोट ठेवला. "नातू घालणार म्हणतोय," तो म्हणाला. "जुन्या कपड्यांची फॅशन आलीय म्हणे. आम्ही मात्र जुने झालो तसे फॅशनबाहेर गेलो. ते मानेमागचं तेवढं नीट करून द्या. तीन वेळा रफू झालंय याला, तीनही तुमच्याच इथं."

धाकटीनं कोट उलटा केला आणि तिचे हात थांबले. थोरलीच्या रफूची खूण तिला आंधळेपणीही सापडली असती. बाकीचे मागच्या बाजूला धाग्याचं शेपूट कापून टाकतात. थोरली ते डावीकडं वळवून एका धाग्याखाली सरकवायची.

पहिलं रफू खिशाच्या कडेला होतं. धाकटीनं ते उजेडाकडं धरलं आणि तिला खरंच वाटेना. धागे विरळ, कुठं ताणलेले, कुठं सैल. असलं काम थोरलीनं कधी केलंच नव्हतं, निदान धाकटीच्या आठवणीत तरी.

"हे कधीचं?"

"हे पहिलं. मी कर्णा नवा घेतला त्या साली. बिचाऱ्या तेव्हा हातानं फार हैराण होत्या. सुई धरवत नव्हती, तरी करून दिलं."

"गोळ्या सुरू व्हायच्या आधी?"

"ते मला काय ठाऊक? पण तोंड बारीक होतं तेव्हा. नंतर भरलं." त्यानं कोपराकडं बोट केलं. "हे तोंड भरलेलं असतानाचं. काय हात चालायचे हो! बोलत बोलत करायच्या, माझ्या बँडची टिंगल करत."

कोपराचं रफू धाकटीला सापडेना. तिनं बोट फिरवलं, भिंग लावलं, शेवटी आतून डावीकडं वळलेलं ते शेपूट दिसलं तेव्हा कळलं की भोक इथं होतं, चांगलं रुपयाएवढं. तिच्या उभ्या जन्मात तिच्याकडून असं काम झालं नव्हतं.

आणि मग मानेमागचं. ते रफूच नव्हतं. कडा ओढून आणलेल्या, कापड चुरमडलेलं, वरून मोठे मोठे धावते टाके, शाळेतल्या पोरानं घालावेत तसे.

"हे शेवटचं," बँडमास्तर म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वाजवायला जायचं होतं, थंडी होती, मला कोट हवाच होता. मी घ्यायला आलो तर त्या एकट्याच होत्या. तोंडाची सूज जरा उतरली होती, मी आपला म्हटलं, आज बऱ्या दिसता. तर म्हणाल्या, कशाच्या बऱ्या, हात गेलेत. हे तात्पुरतं टाचलंय, कुणाला दाखवू नका. पुन्हा घेऊन या, हात आले की नीट करून देते."

"कसे येणार होते हात?"

"गोळ्या परत सुरू करणार होत्या ना! तसं म्हणाल्या मला. म्हणाल्या, तोंडाचं काय, तोंड कुणी काउंटरवर ठेवून घेत नाही. फक्त घरात अजून बोलले नाही. लेक इतकी खूश झालीय गोळ्या सुटल्या म्हणून, तिला कसं सांगू? बघते, एक-दोन दिवसांत सांगते." म्हाताऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "मग आठवड्यानं कळलं, त्या गेल्या. कोट मी पुन्हा कुणाकडं दिला नाही."

धाकटीला त्याचा भयंकर राग आला. तीस वर्षं हे खिशात घेऊन हिंडत होता का म्हातारा? आणि खरं कशावरून? लोक मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाटेल ते घालतात. तिनं त्याला कसंबसं "ठेवून जा" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दुपारी बोटं जरा सैलावल्यावर ती कामाला बसली. धागा काढायचा म्हणून तिनं कोटाच्या खालच्या दुमडीची शिवण उसवली. आत, अस्तराला टाचून ठेवलेली, काळ्या लोकरीची एक लडी होती. आठाच्या आकड्यात गुंडाळलेली, थोरली गुंडाळायची तशी. पण थोरलीची लडी घट्ट आणि एकसारखी असायची. ही वेडीवाकडी होती, जागोजागी सुटलेली, वळत नसलेल्या बोटांनी गुंडाळलेली. धाकटीनं धागे टेबलावर पसरले. उरलेसुरले नव्हते ते. उभे वेगळे, आडवे वेगळे, मानेमागच्या भोकाला पुरतील एवढेच, मोजून काढलेले. सुई धरवत नसताना थोरलीनं एकेक करून ओढून काढले होते आणि कपड्यातच ठेवून दिले होते. कारण कपडा परत येणार होता. हात येणार होते. तिला ते पुन्हा नीट करायचं होतं.

इतके महिने घरात राहायला आलेली थोरली काय सांगत होती, असं धाकटी धरून चालली होती? घेऊ नकोस, मी बघ कशी गेले. आणि थोरलीनं तर जाता जाता गोळ्याच मागितल्या होत्या. मागायची तिला चोरी झाली होती, कारण लेकीनं मिठी मारून "बरं केलंस" म्हटलं होतं.

धाकटीनं डोकं त्या कोटावर ठेवलं आणि ती मोठ्यांदा रडली. पलीकडं इस्त्रीचा आवाज थांबला. लाँड्रीवाला दाराशी आला असावा, पण आत आला नाही.

दवाखान्यात ती एकटीच गेली. इंजेक्शनचा कागद पुढं ओढून डॉक्टरीणबाई काही लिहिणार, तोच धाकटीनं पिशवीतून बटणांचा डबा काढला, झाकण काही तिला उघडेना, म्हणून डॉक्टरीणबाईपुढंच सरकवला. "उघडा तेवढं."

डॉक्टरीणबाईनं उघडला. आत शिंपल्याची बटणं, लाकडी बटणं, आणि त्यांच्यात पिवळ्या-पांढऱ्या गोळ्या, काही फुटलेल्या, काहींचा भुगा झालेला. तिनं डब्यात बघितलं, मग रिपोर्टकडं, मग पुन्हा डब्यात. तिचा चेहरा लाल झाला.

"एकही नाही घेतली?"

"नाही."

"मी डोस वाढवत होते. मी इंजेक्शन देणार होते! मावशी, इतके महिने मी उपचार कुणावर करत होते मग?"

"माझ्या आईवर," धाकटी म्हणाली.

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण निघून गेलं तोंडून, आणि एकदा निघाल्यावर बाकीचंही निघालं, आरसा, मिठी, कोट, लडी. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"त्या काळात तेवढंच होतं डॉक्टरांच्या हातात," ती शेवटी म्हणाली. "आणि परत सुरू करायचं त्यांच्या मनात आलं ते बरोबर होतं."

"तिनं मला सांगितलं असतं, आणि वेळेत सुरू केल्या असत्या, तर?"

डॉक्टरीणबाईला खोटं बोलता आलं असतं. "कदाचित," ती म्हणाली. "खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही." मग तिनं तो डबा उचलून बाजूला ठेवला. "यातल्या घ्यायच्या नाहीत. चुकलेलं एकदम भरून काढायला तर मुळीच जायचं नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू. कमी डोसनं."

घरी येऊन तिनं लेकीलाही सांगितलं. लेक उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "तुला नको होत्या तर मला सांगायचं होतंस."

"हो," धाकटी म्हणाली. "सांगायला हवं होतं. कुणीतरी कुणालातरी सांगायलाच हवं होतं."

गुरुवारी तिनं लेकीसमोर गोळ्या गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं, लहान पोर दाखवतं तसं. लेकीला हसू आलं नाही.

गोळ्यांशी तिचं प्रेम जमलं असं कुणी समजू नये. खाष्ट सासूशी जमवून घ्यावं तसं तिनं जमवून घेतलं. शुक्रवार तिचा नसायचा. पोटात ढवळायचं, आणि बाकावरचा शिपाई खरं बोलत होता हे पटायचं. फणीत केस यायचे. दर खेपेला रक्त द्यायचं, आणि रिपोर्ट येईतो जीव टांगणीला. बरं वाटू लागलं तेव्हा तर तिला पहिल्यांदा धडकीच भरली. हे काढून घेतलं तर, हे त्या तरण्या बाईचं वाक्य आता तिचं झालं. पांढरी गोळी डॉक्टरीणबाईनं सावकाश कमी करत आणली. शेवटची घेतली त्या सकाळी धाकटी कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिली. मग दोन्ही हात टेकून उठली. उभी राहिली. पडली नाही.

हळूहळू सकाळी हात तिचेच निघू लागले. घरातली चाहूल कमी झाली. नळ बोटांनी उघडू लागला, आणि पहिल्या दिवशी तो तसा उघडल्यावर तिला इतकं सुनं वाटलं की तिनं तो बंद करून पुन्हा मनगटानं उघडून पाहिला.

पण सगळं परत आलं नाही. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं तसंच झालं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या चोरीच्या महिन्यांत वळली ती वळलीच. गोळ्यांनी पुढचं थांबवलं, मागचं दिलं नाही.

बँडमास्तर चौकशीला आला तेव्हा कोट तिच्या मांडीवर होता. थोरलीचे ते मोठे टाके तिनं उसवले होते आणि टेबलावर ती वेडीवाकडी लडी सुटी करून ठेवली होती.

"आले का हात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बसा," धाकटी म्हणाली. "आले तेवढे पुरतील."

तिनं एक उभा धागा सुईत ओवला. मानेमागचं भोक ताणून धरायचं होतं, आणि त्याला डाव्या हाताची वळलेली बोटं बरोबर आकड्यासारखी बसली, जणू त्याच कामासाठी वाकली होती. ती दोन बोटं थोरलीची होती, यात आता तिला शंका नव्हती. थोरलीनं कापड धरलं आणि धाकटीनं पहिला टाका घातला.